टेक्का सेंटर, सिंगापूर: टूरवाल्याचं जेवण एक दिवस सोडा आणि इथे जा

सांगलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यामुळे कुठेही गेले तरी माझी नजर आधी भटारखान्याकडे जाते. मरिना बे, सेंटोसा, गार्डन्स बाय द बे हे सगळं बघून झालं, आवडलंही, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीतल्या टेक्का सेंटरबद्दल. आमच्या ग्रुपमधले बरेच जण तिकडे फिरकलेच नाहीत आणि पॅकेजमधल्या ‘इंडियन डिनर’ला नावं ठेवत परत आले. ते डिनर म्हणजे पनीरची तीच लाल भाजी, जिरा राईस, गुलाबजाम. मोकळा दिवस मिळाल्याबरोबर आम्ही तिघं सटकलो: मी, आमचे हे आणि मोठ्या जाऊबाई. जाऊबाई माळकरी आहेत, म्हणजे परीक्षा कडक होती.

जायला काही कष्ट नाहीत. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, लिटल इंडिया स्टेशन, ‘सी’ गेटनं बाहेर पडलं की बफेलो रोड आणि समोर टेक्का. तिकिटाच्या रांगेत उभं राहायचीही गरज नाही. परदेशात चालणारं टॅप करायचं बँक कार्ड थेट गेटला लावायचं. फक्त गाडीत काही खायचं-प्यायचं नाही, त्याला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. जाऊबाईंनी पिशवीतला चिवडा उघडायच्या आत मी तो ताब्यात घेतला.

टेक्का म्हणजे एकाच छपराखाली तीन प्रकार. खाली एका अंगाला भाजी-मासळी-मटणाचा बाजार, दुसऱ्या अंगाला खाण्याचे स्टॉल, आणि वरच्या मजल्यावर साड्या, पंजाबी ड्रेस, शिंपी. अशा जागांना तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. सिंगापूरभर अशी ११० हून जास्त सेंटरं आहेत. पूर्वी हे सगळे रस्त्यावरचे गाडेवाले होते. १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारनं त्यांना उचलून छपराखाली आणलं, प्रत्येकाला गाळा, नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय दिली. आपल्याकडे अतिक्रमणवाले आले की गाडा ट्रकमध्ये आणि मालक ट्रकच्या मागे पळतोय, हे मी आमच्या स्टँडसमोर कितीदा पाहिलंय. म्हणून ही गोष्ट मला मरिना बेच्या रोषणाईपेक्षा मोठी वाटली. युनेस्कोनंही २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला आपल्या वारसा यादीत घेतलं.

आता खाणं. ह्यांनी मटण बिर्याणी घेतली. मोठी ताटली, आठ डॉलरच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या घरात होता. भात मोकळा, मटण बोटानं सुटणारं, सोबत दालचा (डाळीची आमटी) आणि काकडीचं आंबटगोड लोणचं. आपल्या भागातल्या जिभेला तिखट कमी पडेल, पण मसाला कच्चा नाही आणि वर तेलाचा तवंग नाही. ह्यांनी एरवी जेवताना जे बोलायचं असतं ते सगळं गिळलं, यावरून काय ते समजा.

मी मात्र परोट्याच्या स्टॉलसमोरून हललेच नाही. तिकडे त्याला प्राटा म्हणतात. तेलात बुडवून ठेवलेला कणकेचा गोळा बाई पुढ्यात घेते, तळहातानं थापते, मग दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर अशी आपटत फिरवते की दोन-तीन झटक्यांत पलीकडचं दिसेल इतका पातळ पडदा होतो. लाटणं नाहीच. मग चारी बाजूंनी घडी आणि तव्यावर. खरी मेख शेवटी आहे: उतरवला की ओट्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी टाळी वाजवल्यासारखा दाबायचा, म्हणजे पदर सुटतात. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत म्हणून मी बायकांच्या मागे लागलेली असते, इथे ते काम दोन टाळ्यांत होतं. मैद्याचा आहे, रोज खायची वस्तू नव्हे, पण दीड डॉलरला बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ असं काही मिळत असेल तर एकावर कोण थांबतं?

शाकाहारींनी एवढं लक्षात ठेवा: प्राटा साधा मागवला तरी सोबतच्या वाटीत माशाची किंवा मटणाची करी येऊ शकते. आधीच डाळ सांगायची, आणि पिठात अंडं आहे का तेही विचारायचं. जाऊबाईंना एवढी चौकशी मान्य नव्हती. “अगं, तवा तरी वेगळा आहे का?” म्हणाल्या. नव्हता. मग त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी तमिळ स्टॉल शोधला. तिथला डोसा, सांबार आणि दोन चटण्या त्यांनी बोटं चाटून संपवल्या. गंमत म्हणजे आमच्या टेबलावरून समोर बघितलं की चिनी स्टॉलच्या काचेत बदकं टांगलेली. “वहिनी, इकडे तोंड करून बसा,” म्हटलं, तर म्हणाल्या, “असू दे गं, मी काय त्यांच्याकडे जेवायला आलेय?” बदक-भात मी नंतर चाखला. गोडसर रस्सा, मांस चिवट नाही, पण परत पैसे घालेन असं नाही.

चहाचं वेगळं सांगायला हवं. ‘तेह’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेला चहा येतो, आणि तो आपल्या बासुंदीलाही लाजवेल इतका गोड असतो. ‘तेह सी कोसोंग’ म्हणा: आटीव दुधाचा, बिनसाखरेचा. आलं हवं असेल तर ‘तेह हालिया’. उंचावरून ओतून फेस आणलेला तेह तारिक बघायला छान, प्यायला माझ्या मते एकदाच.

बसायची जागा पकडायची रीत अशी: टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं आणि खाणं आणायला जायचं. पाकीट म्हणजे रिझर्व्हेशन, कुणी हात लावत नाही. पाकीट स्वतःचंच न्यायचं, स्टॉलवर टिश्यू मिळत नाहीत. जेवण झालं की ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा. २०२१ पासून ते सक्तीचं आहे. पहिल्यांदा समज देतात, दुसऱ्यांदा सापडलात तर ३०० डॉलर दंड. हे रॅक मी निरखून बघितले. हलाल ताटांसाठी वेगळा, बाकीच्यांसाठी वेगळा. म्हणजे एकाच टेबलावर मलाय मुसलमान, चिनी आणि तमिळ आपापलं खाणार, पण डुकराच्या मांसाचं ताट दुसऱ्याच्या ताटात मिसळणार नाही. भांड्यांच्या मोरीपर्यंत कुणीतरी विचार केलाय! भांड्यांवरून घरात काय काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. एवढं असूनही टेबलं पुसायला माणसं आहेत, आणि त्यातले बरेच म्हातारे. सगळे त्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात. पण त्या वयात उभ्यानं काम, ते बघून मला जरा जड गेलं.

बाजारातही फेरी मारा. शेवगा, कढीपत्ता, केळफूल, सुरमई, पापलेट, सगळं ओळखीचं. एक चिनी भाजीवाली आजी तमिळ गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. कुठली भाषा म्हणून शेजारच्याला विचारलं, तर मलाय! दोघींचीही घरची नव्हे, पण काम चाललं होतं.

खटकणाऱ्या गोष्टी: एसी नाही, नुसते पंखे. दुपारी घामानं जीव जातो, आणि गोंगाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. सुटी रोकड हवी. स्थानिक लोक क्यूआरवर पैसे देतात, ती सोय आपल्याला मिळेलच असं नाही. भाव मात्र फळ्यावर लिहिलाय तेवढाच. हॉटेलात बसलात तर बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी चढतो, तो धक्का इथे नाही.

सकाळी नऊ-दहाला जा. रविवारी दुपारी टाळा. कामगारांची सुट्टी असते, पाय ठेवायला जागा मिळत नाही. सोमवारी बाजारातले बरेच गाळे बंद असतात. नाश्ता करून सेरंगून रोडनं पुढे चालत गेलात की वीरमाकालीअम्मनचं देऊळ लागतं, पण दुपारी ते बंद असतं, म्हणून तेही सकाळीच उरका. माझ्याकडून टेक्काला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पंख्यांचा कापला. जाऊबाई म्हणतात तव्याचा कापायला हवा होता.