जपानी भूमिका, कलाकार कुठले?

'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' (2005) आणि 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (2006) हे दोन्ही हॉलिवूडपट जपानविषयीचे: पहिला गेशांचा, म्हणजे नाच-गाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या पारंपरिक जपानी कलावंतिणींचा; दुसरा दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर लढलेल्या जपानी सैनिकांचा. जपानी अभिनेते केन वातानाबे दोन्हींत आहेत, पण कलाकार निवडण्याची तऱ्हा अगदी उलट.

दिग्दर्शक रॉब मार्शल यांनी 'गेशा'तल्या प्रमुख भूमिका चीनच्या झांग झियी आणि गाँग ली, मलेशियाच्या मिशेल यो यांना दिल्या. तिघीही ताकदीच्या अभिनेत्री. पण संवाद इंग्रजीत, तेही तीन वेगळ्या ढंगांत. क्योटोतल्या एकाच वस्तीतल्या बायका एका मुलखातल्या वाटतच नाहीत. शिवाय जपानी आक्रमणाच्या जखमा चीनमध्ये अजून ओल्या आहेत. तिथे या निवडीवर संताप उसळला आणि चित्रपट प्रदर्शितच होऊ शकला नाही.

'इवो जिमा'चे दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांनी मात्र जपानी कलाकार घेतले आणि जवळजवळ सगळा चित्रपट जपानीतच केला. काझुनारी निनोमियाचा सैनिक समुद्रकिनाऱ्यावर खंदक खणताना कुरकुरतो, ती कुरकुर अस्सल त्याच्या तोंडची वाटते. सबटायटल्स असूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं.

मला ईस्टवुड यांची वाट पटते. पासपोर्ट बघून भूमिका वाटाव्यात असं मी म्हणणार नाही, पण जपानी अभिनेत्री मिळत नव्हत्या असंही नव्हतं: यूकी कुदो आणि काओरी मोमोई 'गेशा'तच आहेत, दुय्यम भूमिकांत.