शाळेच्या तयारीला मदत करणारी केंद्रं : दप्तर उघडून केलेलं परीक्षण

अशा सेवेचं परीक्षण वाटपाच्या दिवशी करू नये. त्या दिवशी सगळीच दप्तरं नवी असतात. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले की त्याच दप्तराची चेन, त्याच बुटांची टोकं आणि पेन्सिलीच्या कप्प्यात उरलंसुरलं सामान बघावं. ओढाताणीच्या घरांतल्या मुलांना शाळेसाठी सज्ज करून देणाऱ्या वस्तीपातळीवरच्या मदत केंद्रांना आम्ही हेच माप लावतो. दिलेल्या दप्तरांचा आकडा अहवालात शोभतो, पण त्यावरून सेवेचा दर्जा कळत नाही.

काम करण्याच्या तऱ्हा तीन : आधीच भरून ठेवलेलं दप्तर, टेबलांवर मांडलेल्या सामानातून निवड, किंवा दुकानात चालणारं कुपन. भरलेलं दप्तर सर्वांत झटपट होतं आणि चुकतंही सर्वांत जास्त. युनिसेफची ‘शाळा पेटीत’ ही कल्पना याच जातीची. कुलूप लावता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पेटीत एक शिक्षक आणि 40 मुलांपुरतं साहित्य असतं आणि झाकणाला रंग देऊन त्याचाच फळा करता येतो. कुठल्याही देशात चालावी म्हणून त्या पेटीत पाठ्यपुस्तकं नसतात. आपत्तीत शाळा कुठे भरणार हेच ठरलेलं नसतं, तिथे असा सरसकट संच बरोबर आहे. शेजारच्या शाळेतल्या मुलांना तसाच संच देणं हा मात्र आळस. त्या शाळेकडून इयत्तावार यादी मागायला एक फेरी पुरते. यादी न मागितल्याची शिक्षा वह्यांमध्ये दिसते : चौरेघी हवी तिथे एकरेघी, गणिताला चौकटीची हवी तिथे कोरी. अशी वही घरी पडून राहते आणि पालकांना दुसरी विकत घ्यावीच लागते.

वह्यांच्या वजनाचा हिशेबही क्वचितच कोणी करतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, असं साधारण मानतात. पहिलीतलं मूल 20 किलोचं धरलं तर मर्यादा 2 किलो. त्यात रिकामं दप्तर 600 ग्रॅम, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली 600, डबा 300. उरले 500 ग्रॅम. ए-4 आकाराची 200 पानी वही, 60 जीएसएमचा (चौरस मीटरला 60 ग्रॅम भरणारा) कागद धरला तरी, पुठ्ठ्यासकट 400 ग्रॅमच्या आसपास जाते. दोन टाकल्या की मर्यादा ओलांडली. ए-5 आकाराची 100 पानी वही साधारण 110 ग्रॅमची, चार सहज बसतात. देणाऱ्याला जाडजूड वही भरघोस वाटते, पण ती मुलाच्या खांद्यावर येते. लहान इयत्तांना पातळ वह्या जास्त संख्येने द्याव्यात आणि त्यांतल्या निम्म्या वह्या मागे ठेवून वर्षाच्या मध्यावर द्याव्यात.

दप्तर आधी चेनशी किंवा पट्ट्याच्या वरच्या जोडाशी जातं. चेन सहसा दाते तुटून नव्हे, रनर सैल होऊन निकामी होते. मुख्य कप्प्याला आठ किंवा दहा नंबरची जाड चेन असेल तर ती टिकते, पाच नंबरची बाहेरच्या छोट्या खिशालाच बरी. पट्टा जिथे पाठीला शिवलेला असतो तिथे चौकट आणि आत फुली अशी शिलाई आहे का ते बघावं. नुसती एक सरळ टीप असेल तर ते दप्तर घेऊच नये. मापाचं म्हणाल तर दप्तराचा तळ कमरेखाली 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. “मोठंच घेऊ, दोन-तीन वर्षं चालेल” या हिशेबाने पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर सातवीतलं दप्तर येतं, आणि जागा आहे म्हणून ते भरलंही जातं.

आता बूट. चांगलं केंद्र आणि नुसतं हौशी केंद्र यांतला फरक इथे उघडा पडतो. अर्जात ‘बुटाचा नंबर’ असा रकाना असेल तर पुढचं सगळं चुकणार. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ब्रिटिश पद्धतीत एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. त्यात ब्रिटिश क्रम मुलांच्या 13 नंतर पुन्हा 1 पासून सुरू होतो. म्हणजे नुसतं ‘1 नंबर’ लिहिलं तर ते तान्ह्या बाळाचं माप असू शकतं किंवा आठ-नऊ वर्षांच्या मुलाचंही. रकाना ‘पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये’ असाच हवा. मोजायची रीत सोपी आहे. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, मोजे घातलेलं मूल टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर भार देऊन उभं करायचं, सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पावलं मोजायची आणि मोठं धरायचं. माप दिवसाच्या उत्तरार्धात घ्यावं, कारण तोवर पाऊल थोडं फुगलेलं असतं. त्या लांबीत एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवलं की बुटाची आतली लांबी मिळते.

बूट घालून बघताना पुढे अंगठा दाबून “लागतो का रे?” असं विचारतात. मूल बोटं आखडून घेतं आणि नाही म्हणतं. नवे बूट हातचे जातील ही धास्ती असतेच. त्यापेक्षा बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्यावर मुलाला उभं करावं, किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसतं. आणि बदलून घ्यायची मुभा हवीच. म्हणून वाटप शाळा उघडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी झालं पाहिजे. आदल्या दिवशी समारंभ करणाऱ्या केंद्राचे आम्ही इथेच गुण कापतो. शंभर जोड आणले तर त्या शंभरांत सगळी मापं सारखी नसावीत, मधल्या मापांचे जास्त हवेत. आणि दहा-पंधरा जोड बदलासाठी वेगळे राखावेत.

गणवेशात बघायची गोष्ट एकच : माया. खालच्या दुमडीत पाच सेंटिमीटर कापड असेल तर उसवून वर्षभर ओढता येतं. कमरेला आतून काजं असलेलं इलॅस्टिक आणि बटण असेल तर उत्तमच.

बारीकसारीक सामानात स्वस्त टोकयंत्र सगळ्यात महाग पडतं. पातं बोथट असेल किंवा पेन्सिलीचं शिसं मधोमध नसेल तर टोक करताना ते तुटतच राहतं आणि डझनभर पेन्सिली पंधरवड्यात संपतात. नेहमीची एचबी पेन्सिल लहान हाताला कडक जाते, अक्षर फिकट उमटतं म्हणून मूल आणखी दाबतं आणि टोक मोडतं. पहिली-दुसरीला मऊ शिशाची 2बी किंवा जाड तिकोनी पेन्सिल द्यावी. दर दहा मुलांमागे एक डावखुरी कात्री ठेवावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती दाबली जाण्याऐवजी दूर होतात, कागद कापला न जाता मुडपतो आणि शिक्षकांना वाटतं मुलाला कात्रीच धरता येत नाही. पाण्याची बाटली भरून दहा मिनिटं उलटी ठेवून तपासावी. गळक्या बाटलीने वह्या भिजतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सामानापलीकडचं काम फार थोडी केंद्रं मनावर घेतात. अमेरिकेत 1965 च्या उन्हाळ्यात सुरू झालेला हेड स्टार्ट हा कार्यक्रम पहिल्या वर्षी आठ आठवड्यांचाच होता, पण त्यात शिकवण्याबरोबर वैद्यकीय आणि दातांची तपासणीही होती. ती दृष्टी अजून जुनी झालेली नाही. फळा न दिसणाऱ्या मुलाला दहा वह्या देऊन उपयोग शून्य. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या इंग्रजी ‘E’चा तक्ता मिळतो, मूल फक्त बोटांनी दिशा दाखवतं. तपासणीनंतर चष्मा कोण करून देणार हे आधी ठरलेलं नसेल, तर नुसती चिठ्ठी घरच्या फडताळात जाते.

पूर्वतयारीचे वर्ग असतील तर तिथे काय शिकवतात ते बघा. मुळाक्षरांची घोकंपट्टी चालली असेल तर वेळ वाया चाललाय. बटण लावणं, डबा स्वतः उघडणं, शौचाला जायचं आहे हे सांगता येणं, “पिशवी ठेव आणि गोलात बस” अशी दुहेरी सूचना पाळणं, पालक गेल्यावर तासभर सावरून बसणं : पहिले पंधरा दिवस यावरच निभतात. प्रवेशाचे अर्ज आणि कागदपत्रं भरून द्यायला एक माणूस बसवलेला असेल तर त्या केंद्राला आमचा वेगळा गुण. दप्तर नाही म्हणून मूल थांबत नाही, पण जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडलेला दिसतो.

राहिला मानाचा प्रश्न. दप्तरावर देणगीदाराचं नाव छापलं की वर्गात कोणाला मदत मिळाली हे सगळ्यांना कळतं. चिन्ह नसलेलं, दोन-तीन रंगांतून मुलाने निवडलेलं दप्तर द्यावं. फोटोसाठी रांग नको, वेळ ठरवून एकेका कुटुंबाला बोलवावं आणि भावंडांचं एकाच फेरीत उरकावं.

वर्षाच्या मध्यावर पेन्सिली आणि खोडरबर आधी संपतात, मग वह्या, मग मोजे. शाळेत शिक्षकांच्या हाताशी एक कपाट भरून ठेवलं तर मुलाला पुन्हा अर्ज करावा लागत नाही. मधेच दाखल झालेल्या मुलांची सोयही त्यातूनच होते. बदलून परत आलेले बूट त्याच कपाटात ठेवणार असाल तर नाड्यांनी जोडी बांधूनच ठेवा. सुटे टाकले की महिनाभरात सगळे डाव्या पायाचेच उरतात.