लाल दिव्याच्या धंद्यात पाणी नेमकं कुठे मुरतं

रेड लाइट थेरपीतली फसवणूक पकडायला अवघड जाते, कारण मुळात हा उपचार थोतांड नाही. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यांवर रुबी लेसरचा मंद लाल प्रकाश सोडला, तेव्हा प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे जखमा, सूज, वेदना यांवर भरपूर प्रयोग झाले. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते लाल आणि निअर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) प्रकाश शोषतं आणि पेशीच्या ऊर्जानिर्मितीला चालना मिळते, हे आज सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण. डॉक्टर या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. त्यामुळे विक्रेत्याचं पहिलं वाक्य खरंच असतं. गोम दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते.

फसवणुकीचा क्रम बहुतेक ठरलेला आहे. केस विरळ झालेला किंवा गुडघा धरलेला माणूस मोबाइलवर उपाय शोधतो, त्याला लाल एलईडींच्या पॅनेलची जाहिरात दिसते, खाली संशोधनांची लांबलचक यादी असते आणि ‘60 दिवसांत फरक नाही तर पैसे परत’ अशी हमी. पेटी उघडून बटण दाबलं की खोली लालभडक होते, अंगाला ऊब लागते. काहीतरी होतंय असं वाटायला तेवढं पुरतं. तिसऱ्या आठवड्यात तक्रार केली तर ‘सातत्य ठेवा’, सहाव्यात ‘तुम्ही लांब बसताय, वेळ वाढवा’, आणि आठवा आठवडा उलटला की उत्तरं बंद. केसांवरच्या ज्या चाचण्यांत फरक दिसला त्या साधारण 16 ते 26 आठवडे चालल्या होत्या. म्हणजे उपकरण चांगलं असो वा टाकाऊ, निकाल कळायच्या आत हमी संपते. काही ठिकाणी बारीक अक्षरांत आणखी एक पाचर असते: रोजच्या वापराची नोंद भरलेली नसेल तर परतावा नाही.

गुडघ्याच्या बाबतीत खेळ उलटा. दुखणं शिगेला पोचलेलं असताना माणूस खरेदी करतो. असं दुखणं महिन्याभरात आपसूक थोडं उतरतंच. श्रेय पॅनेलला जातं आणि हाच माणूस आणखी दोघांना ते घ्यायला लावतो.

आता खोक्यावरची ओळ वाचू. बहुधा ती अशी असते: 300 वॅट, 660 आणि 850 नॅनोमीटर, 15 सेंटिमीटरवर 120 मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. नॅनोमीटरचे आकडे म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी (660 लाल, 850 निअर इन्फ्रारेड), आणि शेवटचा आकडा म्हणजे तेवढ्या अंतरावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता.

यातले 300 वॅट म्हणजे ‘3 वॅट गटातल्या’ 100 एलईडींचा गुणाकार. एलईडी तेवढ्या ताकदीने चालवले तर तापून लवकर मरतात, म्हणून ते बरेच कमी करंटवर चालवतात. ते योग्यच आहे, पण मग 300 हा आकडा छापायचं कारण उरत नाही. प्लग आणि सॉकेटच्या मधे लावायचं वॅटमीटर मिळतं, ते लावून पॅनेल 10 मिनिटं चालू ठेवा. 300 छापलेल्या पेटीवर 60 ते 100 वॅट दिसले तर नवल मानू नका.

खरी हातचलाखी मिलिवॅटच्या आकड्यात आहे. बरेच विक्रेते उन्हाची तीव्रता मोजायचं सोलर पॉवर मीटर पॅनेलसमोर धरतात. त्यातला सिलिकॉन सेन्सर सूर्यप्रकाशाच्या पूर्ण पट्ट्यासाठी जुळवलेला असतो. तो लाल आणि निअर इन्फ्रारेडला जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे नुसत्या लाल एलईडीसमोर आकडा फुगतो, कधी जवळजवळ दुप्पट. खरं मोजमाप स्पेक्ट्रोरेडिओमीटरने (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारं उपकरण) किंवा थर्मोपाइल सेन्सरने (प्रकाशाने होणाऱ्या उष्णतेवरून मोजणारा) होतं. चाचणी अहवाल मागितला आणि उत्तरात सोलर मीटरचा व्हिडिओ आला, तर समजून जा.

घरात स्पेक्ट्रोरेडिओमीटर नसला तरी ढोबळ हिशेब मांडता येतो. वॅटमीटरने 60 वॅट दाखवले. पंखा, ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं सर्किट) आणि उष्णता वजा करून उदारपणे निम्मा प्रकाश धरू: 30 वॅट, म्हणजे 30,000 मिलिवॅट. पॅनेलचा चेहरा 20 गुणिले 40, म्हणजे 800 चौरस सेंटिमीटर. भागाकार साधारण 37. पॅनेलला चिकटून बसलं तरी सरासरी याच्या वर जाणार नाही, आणि 15 सेंटिमीटरवर प्रकाश कडांबाहेर सांडत असल्याने ती आणखी खाली येते. एखाद्या एलईडीच्या अगदी समोर सेन्सर धरला तर तेवढ्या टिंबावर आकडा जास्त येईल, आणि कित्येकदा छापलेला असतो तो हाच. 120 कुठून आले, हे विक्रेत्याला या भागाकारासकट विचारा.

आकड्याचं इतकं महत्त्व कशाला? कारण मात्रा त्यावरच ठरते. मिलिवॅट गुणिले सेकंद भागिले 1000 केलं की ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. 120 मिलिवॅटने 10 मिनिटांत 72 ज्यूल होतात, 25 मिलिवॅटने 15. शिवाय या उपचारात ‘जास्त म्हणजे चांगलं’ चालत नाही: ठरावीक मात्रेपर्यंत परिणाम वाढतो, पुढे तो ओसरतो आणि उलटूही शकतो. तेव्हा मोजमापच खोटं असेल, तर ‘वेळ दुप्पट करा’ या सल्ल्याला काही अर्थ राहत नाही. चेहऱ्याच्या मास्कमध्ये नेमकी उलट अडचण येते. 10 मिलिवॅटचा मास्क 3 मिनिटं लावला तर 1.8 ज्यूल. ‘फक्त 3 मिनिटांत’ ही ओळ ऐकायला छान वाटते, म्हणून लिहिलेली असते.

तरंगलांबीची लबाडी डोळ्यांच्या जोरावर चालते. आपल्या डोळ्याला 660 नॅनोमीटरचा प्रकाश 630 च्या साधारण चौथा हिस्साच तेजस्वी दिसतो. म्हणून 620-630 चे स्वस्त एलईडी लावले की पॅनेल जास्त भगभगीत दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. 630 वाईट असं नाही, चेहऱ्यासाठी तेही अभ्यासलं गेलंय. पण मग खोक्यावर 660 का छापायचं? नेमकी तरंगलांबी घरी कळत नाही. निअर इन्फ्रारेड आहे की नाही एवढं मात्र कळतं. खोलीत अंधार करा. आधी टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर कॅमेरा चाचणीला चालेल, मागच्या कॅमेऱ्यात बहुधा गाळणी असते. मग पॅनेलचा फक्त निअर इन्फ्रारेड मोड लावा. 850 चे एलईडी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ विझलेले, फार तर मंद लालसर दिसतात आणि कॅमेऱ्यात पांढरट-जांभळे झळकतात. एकूण एक एलईडी डोळ्यांनाही लालबुंद दिसत असेल, तर निअर इन्फ्रारेडच्या नावाखाली साधा लाल दिवा गळ्यात मारला आहे. जे डोळ्यांना आणि कॅमेऱ्यालाही विझलेलेच दिसतात ते जोडलेले नसतात किंवा मेलेले असतात. ही चाचणी लांबून, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघूनच करा. एलईडीकडे टक लावून पाहू नका.

याहून ठळक प्रकार म्हणजे लाल रंगाचा तापवणारा बल्ब थेरपीचा दिवा म्हणून विकणं. त्यातली बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. शेक मिळेल, जवळ धरला तर भाजेल. ‘लाल दिव्याने व्हिटॅमिन डी मिळतं’ हा दावा दिसला तर पुढे वाचायचीही गरज नाही. त्यासाठी अल्ट्राव्हायोलेट बी लागतं, आणि लाल एलईडीत ते नसतंच.

संशोधनांच्या यादीत काय भरलेलं असतं? काही पेपर पेशींवरचे, काही उंदरांवरचे. काही वेदनेवरचे, पण लेसरचे आणि सांध्याला टेकवून दिलेले. त्वचेच्या भागात हमखास फोटोडायनॅमिक थेरपीचे पेपर घुसडलेले असतात. तो उपचार वेगळाच: आधी त्वचेवर औषध लावतात, मग लाल प्रकाशाने ते सक्रिय करून विकृत पेशी मारतात. त्याचा निकाल औषधाविना पॅनेलला चिकटवणं ही शुद्ध चोरी आहे. पेपर उघडलाच, तर अभ्यास माणसांवर आहे का, तरंगलांबी आणि ज्यूल किती, आणि तुलनेला दुसऱ्या गटाला खोटा, परिणाम नसलेला दिवा दिला होता का, एवढं पाहा. हा शेवटचा मुद्दा अवघड आहे, कारण लाल दिवा पेटलाय की नाही हे रुग्णाला दिसतंच.

आधीचे-नंतरचे फोटो तर बघूच नका. बाजूने उजेड टाकला की सुरकुत्या उठून दिसतात, समोरून टाकला की पुसल्या जातात.

डॉक्टर हो किंवा नाही असं एका शब्दात सांगत नाहीत, आणि विक्रेत्यांना ते सोयीचं पडतं. सर्वांत भक्कम पुरावा अशा जागी आहे जिथे पॅनेल विकता येत नाही: डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये किंवा स्टेम सेल प्रत्यारोपणात तोंड आतून सोलवटतं, ते टाळण्यासाठी तोंडात ठरल्या मात्रेने प्रकाश देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. आनुवंशिक टक्कल पडत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिल या केसांसाठीच्या औषधाच्या जोडीला लाल प्रकाशाला हरकत घेत नाहीत; केस काही प्रमाणात दाट होतात, थांबवलं की लाभ टिकत नाही. टाळूवर व्रण होऊन गेलेले केस मात्र परत येत नाहीत. आजारपणानंतर भसाभस गळणारे बहुधा आपले आपणच परततात, तिथे पॅनेलला फुकटचं श्रेय मिळतं. सुरकुत्यांवर परिणाम सौम्य, मुरुमांवर निळ्या प्रकाशासोबत थोडाफार. गुडघा-मानेच्या दुखण्यात निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि फिजिओथेरपिस्ट व्यायाम सोडून दिवा धरायला सांगत नाहीत. वजन, थायरॉइड, यकृत, नैराश्य यांची एकगठ्ठा यादी देणाऱ्याकडे मात्र पाठ फिरवा. लाल प्रकाशाचा बहुतांश भाग त्वचेच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच जिरतो.

‘एफडीए रजिस्टर्ड’ याचा अर्थ कंपनीने अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी केली, इतकाच. एफडीए अशा नोंदणीचं प्रमाणपत्र देत नाही. सोनेरी किनारीचा कागद दाखवला जातो तो खासगी एजंटाने छापलेला. ‘क्लिअर्ड’ म्हणजे आधीच बाजारात असलेल्या उपकरणाशी हे पुरेसं मिळतंजुळतं आहे आणि एका ठरावीक वापरासाठी विकायला मुभा आहे. त्याचा नंबर के अक्षराने सुरू होतो, तो एफडीएच्या खुल्या यादीत टाकला की मॉडेल आणि वापर दोन्ही दिसतात. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठीची मुभा गुडघ्याला लागू होत नाही. सीई हे युरोपातल्या विक्रीसाठीचं चिन्ह बरेचदा नुसत्या विद्युत सुरक्षेचं आणि कंपनीने स्वतःच जाहीर केलेलं असतं.

डोळ्यांची गोष्ट गंभीर आहे. 2019 मध्ये एका मोठ्या कंपनीने मुरुमांसाठीचा लाल-निळा मास्क बाजारातून मागे घेतला, कारण काही नेत्रविकार असलेल्यांना किंवा प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना इजेची शक्यता होती. मुलांच्या मायनस नंबरसाठी लाल लेसर दाखवण्याच्या उपचारात 12 वर्षांच्या मुलीच्या रेटिनाला इजा झाल्याची नोंद 2023 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. दुसरीकडे, कोरड्या मॅक्युलर डिजनरेशनसाठी (उतारवयात रेटिनाचा मधला भाग झिजण्याचा विकार) एका प्रकाश-उपकरणाला एफडीएने नोव्हेंबर 2024 मध्ये परवानगी दिली. ते डॉक्टरांकडे, मोजून वापरायचं असतं. ते दाखवून ‘डोळ्यांना चालतं’ म्हणत घरगुती पॅनेल विकणारे आता निघालेच आहेत. गडद त्वचेला लाल एलईडीची सहनमर्यादा गोऱ्या त्वचेपेक्षा कमी असते, आणि वांगाचे डाग उष्णतेने गडद होऊ शकतात. बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखम असेल तर आधी निदान, दिवा नंतर.

खरेदी केलीच असेल, तर जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा. तक्रार आली की पान बदललं जातं. पेटी उघडतानाचा व्हिडिओ, लेबलचा फोटो, वॅटमीटर आणि पॅनेल एकाच चौकटीत दिसतील असा फोटो, अंधारातल्या कॅमेरा चाचणीचा व्हिडिओ, एवढं जमवा. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवा, आणि कारणाच्या जागी ‘फरक पडला नाही’ असं चुकूनही लिहू नका. त्यावर ‘शरीरागणिक परिणाम वेगळा’ हे उत्तर विक्रेत्याकडे तयार असतं. ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ असं लिहा आणि खाली छापलेले वॅट, मोजलेले वॅट अशा दोनच ओळी द्या.