पैसे न मागणारा एजंट

नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटपासून लांब राहा, हे आता पहिल्यांदा जहाजावर निघालेल्या पोरालाही माहीत असतं. मला गाठणाऱ्या बेलापूरच्या माणसाने एक रुपयाही मागितला नाही. उलट एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे, हे त्यानेच मला ऐकवलं.

ठरलं होतं ते असं: आखातात बुडी मारून काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठीचं डीपी-२ जहाज, मास्टरची म्हणजे कॅप्टनची जागा, पगार डॉलरमध्ये. शारजाच्या अँकरेजला, म्हणजे जहाजं नांगरून उभी असतात तिथे, लाँच लागली तेव्हा समोर एक म्हातारं अँकर हँडलिंग टग, नांगर उचलायचं-ओढायचं जहाज. नाव ताजं रंगवलेलं, पण खाली जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं स्पष्ट दिसत होती. आधीचे कॅप्टन बॅग भरून डेकवर तयारच. हँडओव्हर कसला, लाँच परत जायच्या आत उरकलेला सोपस्कार.

डीपी म्हणजे नांगर न टाकता कॉम्प्युटर आणि थ्रस्टरच्या जोरावर जहाज एका जागी धरणं. डीपी-२ म्हणजे एखादं यंत्र दगावलं तरी जहाजाने जागा सोडायची नाही. खाली पाणबुड्या असताना जहाज वाहवलं तर त्याचा जीव जातो. म्हणून जागा दाखवणाऱ्या किमान तीन स्वतंत्र यंत्रणा लागतात. इथे एकटा डीजीपीएस (उपग्रहावरून जागा दाखवणारा) चालू. जागा मोजायचा लेझर कव्हरखाली, एक बो थ्रस्टर (पुढच्या टोकाचा आडवा पंखा) बंद, त्याच्या ब्रेकरला टॅग लावलेला. आणि ऑफिसातून रोज फोन: "कॅप्टनसाहेब, वार्षिक डीपी ट्रायलच्या कागदांवर सही करून टाका. चार्टर (जहाज भाड्याने देण्याचं काम) मिळालं की सगळं रिपेअर करून घेऊ."

तेव्हा उलगडलं. माझ्याकडून पैसे उकळण्यात त्यांना रस नव्हता, त्यांना माझं लायसन्स हवं होतं. सेफ मॅनिंगच्या, म्हणजे जहाजावर किमान कोण कोण हवं त्या कागदात मास्टर भरल्याशिवाय जहाज हलत नाही, आणि जहाज भाड्याने घेणारे अनलिमिटेड डीपी सर्टिफिकेटवाल्याचा सीव्ही मागतात. माझा सीव्ही मी विमानात बसायच्या आधीच तिकडे पोचला होता. उद्या पाणबुड्या दगावला असता तर सही माझी, कोठडीही माझीच.

मी सही केली नाही. मग पगार थांबला आणि "रिलीफ (बदली कॅप्टन) येतोय" सुरू झालं. खलाशी भांडून उतरू शकतो. मास्टरला दुसरा मास्टर आल्याशिवाय जहाज सोडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. फुकटचा वॉचमन. नेमणूकपत्र एका कंपनीचं, जहाजावरचा करार भलत्याच कंपनीचा, त्यामुळे पगार मागायचा कोणाकडे तेही कळेना.

एजंटच्या लेटरहेडवरचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर खरा होता, फक्त दुसऱ्याच कंपनीचा. परवाना देणाऱ्या डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर नंबर सापडला एवढ्यावर थांबू नका. तिथल्या यादीत जो फोन दिलाय त्यावर विचारा. एजंट जहाजाचं नाव सांगून आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) टाळत असेल तर तिथेच फोन ठेवा. नाव कितीही वेळा रंगवता येतं, तो सात आकडी नंबर जन्मभर तोच असतो. इक्वेसिस या जहाजांच्या माहितीच्या साइटवर टाकला की मालक आणि पोर्ट स्टेट (बंदराच्या देशाने केलेल्या) तपासणीतले शेरे फुकटात दिसतात.

मला घरी आणलं ते विम्याने. दोन महिने पगार थकला की एमएलसीनुसार मालकाने जहाज टाकून दिल्याचा दावा करता येतो; तिकिटाचा खर्च आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा पगार मिळतो. त्यापुढचा माझा बुडाला. या हमीचं सर्टिफिकेट मेसमध्ये किंवा ब्रिजबाहेर लावलेलं असतं. चढल्या दिवशी त्याचा फोटो काढा आणि विमा चालू आहे का, ते पी अँड आय क्लबला, म्हणजे जहाजाच्या विमा संस्थेला ईमेल करून विचारा. आमच्या जहाजावरचा कागद मी उतरल्यावर आठवड्याभरात संपणार होता.