तळव्याची जखम भरेना : सिल्व्हर, आयोडीन की ग्रोथ फॅक्टर?

आईला जुना मधुमेह. तळव्याच्या घट्ट्याखाली झालेली जखम अडीच महिने भरत नव्हती. तोवर औषधांच्या डब्यात तीन ट्यूबा जमल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या माणसाच्या सल्ल्याने आणलेली. तिघींची कामं वेगळी आहेत हे आम्हाला उशिराच कळलं.

पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मुळात भाजलेल्यांसाठीचं मलम. स्वस्त, जंतूंना आवरणारं, म्हणून सर्रास लिहून दिलं जातं. पण मधुमेही पायाची जखम त्याने लवकर भरते, असा भक्कम पुरावा नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर हात लावू नये.

कॅडेक्सोमर आयोडीन पाणी सुटणाऱ्या, पिवळा थर धरलेल्या जखमेला बरं. ते स्राव शोषतं आणि आयोडीन थोडं थोडं सोडत राहतं. तपकिरी रंग उडाला की ड्रेसिंग बदलायचं. थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरं महागडं : बेकाप्लर्मिन जेल. रक्तातल्या प्लेटलेट पेशी जखमेला जो भरण्याचा निरोप (ग्रोथ फॅक्टर) देतात, त्याचीच प्रयोगशाळेत बनवलेली प्रत. अमेरिकेत 1997 साली मंजुरी मिळाली. मोठ्या चाचणीत 20 आठवड्यांत हे जेल लावलेल्यांपैकी 50 टक्क्यांची जखम पूर्ण भरली, औषध नसलेलं नुसतं जेल लावलेल्यांपैकी 35 टक्क्यांची. म्हणजे फरक खरा, पण जादू नाही. 2008 मध्ये कर्करोगाच्या शंकेने त्यावर ठळक इशारा आला, 2018 मध्ये तो काढला. तरी जखमेच्या जागी गाठ असेल तर वापरत नाहीत. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची, थर पातळ लावायचा, बारा तासांनी सलाईनने धुवायचा.

घोट्याजवळची, फुगलेल्या शिरांमुळे झालेली जखम मात्र निराळी. तिथे मुख्य उपाय घट्ट पट्टी. जोडीला कधी रक्तप्रवाह सुधारणाऱ्या पेंटॉक्सिफायलिन 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात.

माझं मत विचाराल तर पायाला रक्त पोचत नसेल, मेलेली कातडी काढली नसेल किंवा पेशंट त्याच तळव्यावर चालत असेल, तर महागडं जेल आणूच नका. जखम लाल, स्वच्छ झाली की मग आणा.

आम्ही दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचो. दहा आठवड्यांत जखम साधारण 30 टक्के आक्रसली नाही तर जेल चालू ठेवायचं का, याचा फेरविचार करा, असं जेलच्या माहितीपत्रकातच लिहिलंय.