ओल्या खाणीत कोणता रॉक बोल्ट टिकेल? गंजाच्या अंगाने तुलना

भूमिगत खाणीच्या छतासाठी रॉक बोल्ट, म्हणजे खडकात छिद्र पाडून त्यात बसवायच्या आधाराच्या पोलादी सळया किंवा नळ्या, मागवताना निविदेत ताणशक्ती, लांबी आणि दर नेमकेपणाने लिहिले जातात. तो बोल्ट ज्या पाण्यात भिजत राहणार आहे, त्या पाण्याचा तपशील मात्र क्वचितच असतो. निवडीची सुरुवात माझ्या मते दोन प्रश्नांपासून व्हावी: ही गॅलरी (खाणीतला बोगदा) किती वर्षे उभी राहायला हवी आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा पीएच, क्लोराइड, सल्फेट व विरघळलेला ऑक्सिजन किती आहे?

पहिली तुलना भरीव सळई आणि छिद्रात ठोकून बसवलेली, खडकाशी होणाऱ्या घर्षणावर टिकणारी नळी यांची. २२ मिमी व्यासाच्या सळईचे सर्व बाजूंनी १ मिमी पोलाद गंजून गेले, तर व्यास २० मिमी उरतो आणि छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी घटते. तेवढाच गंज २.३ मिमी जाडीच्या स्प्लिट सेट प्रकारच्या नळीला फक्त बाहेरून लागला, तरी तिची जाडी ४३ टक्क्यांनी कमी होते. आणि नळीला आतूनही पाणी लागत असल्याने दोन्हीकडून गंज चढला, तर उरते जेमतेम ०.३ मिमी. पाण्याच्या दाबाने फुगवल्या जाणाऱ्या बोल्टची भिंतही पातळच असल्याने त्यालाही हाच धोका आहे. घर्षण बोल्टच्या बाबतीत फसगत होण्याचे आणखी एक कारण आहे: सुरुवातीचा हलका गंज पृष्ठभाग खरखरीत करून पकड वाढवतो, त्यामुळे ओढ-चाचणीचा (बोल्ट बाहेर ओढून पकड मोजण्याचा) आकडा सुधारलेला दिसतो आणि नळी मात्र झिजतच असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली परिसरातल्या सोन्याच्या खाणींत भूजल समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक खारट आहे, आणि तिथे घर्षण बोल्टचे आयुष्य हा गंभीर अभ्यासाचा विषय झाला तो यामुळेच.

नळी जस्तलेपित (गॅल्व्हनाइझ केलेली) घेतली की प्रश्न मिटतो, असे समजू नये. हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगच्या (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप देण्याच्या) आयएसओ १४६१ या मानकात ६ मिमीहून जाड पोलादावर जस्ताचा सरासरी थर किमान ८५ मायक्रॉन अपेक्षित असतो, तर १.५ ते ३ मिमी जाडीच्या पत्र्यावर ५५ मायक्रॉन. म्हणजे ज्या वस्तूला संरक्षणाची गरज अधिक, तिच्यावरच थर पातळ. शिवाय होलमध्ये (खडकातल्या छिद्रात) ठोकून बसवताना तो खरवडला जातो. खडकातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाच्या ऑक्सिडीकरणाने पाणी आम्लधर्मी झालेले असेल, तर जस्त भराभर विरघळते.

भरीव सळईचे संरक्षण मुख्यतः तिच्याभोवतीच्या ग्राउटवर (होल भरणाऱ्या, घट्ट होणाऱ्या मिश्रणावर) अवलंबून असते, आणि इथे सिमेंट व रेझिन यांत मूलभूत फरक आहे. सिमेंटचा पीएच १२ च्या वर असल्याने पोलादावर संरक्षक थर तयार होतो, म्हणजे ते केवळ झाकत नाही, तर रासायनिक रीतीनेही गंज रोखते. रेझिन प्लास्टिकच्या कॅप्सूलमधून येते आणि सळई फिरवून ती फोडली की काही मिनिटांत घट्ट होते, उत्पादनाचा खोळंबा टाळते, पण त्याचे संरक्षण फक्त आवरणाचे. होल सळईच्या मानाने मोठे पडले किंवा फिरवणे अपुरे झाले, तर कॅप्सूलचे प्लास्टिक न फाटता सळईला गुंडाळून राहते आणि त्या पोकळीतून पाणी आत शिरते. म्हणून २२ मिमीच्या सळईला २८ मिमीच्या आसपासचे होल, आणि ते तोंडापर्यंत भरलेले, ही अट मी कोणत्याही महागड्या लेपापेक्षा वरची मानतो. खडकाचे थर सरकून ग्राउटला भेग पडली की सिमेंट असो वा रेझिन, गंज नेमका त्या भेगेपाशी सुरू होतो.

अधिक ताणशक्तीचे पोलाद घेणे हा उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियातील कोळसा खाणींत ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने बोल्ट होलच्या आत तडकलेले आढळले आहेत, आणि अशा तड्यांना कठीण, उच्च-शक्तीचे पोलाद अधिक लवकर बळी पडते. स्टेनलेस पोलाद खर्चामुळे मोजक्याच जागी परवडते, आणि क्लोराइडयुक्त पाण्यात त्यालाही खड्डे पडतात. काचतंतूंचा बोल्ट गंजत नाही आणि कोळसा कापणाऱ्या यंत्राला अडत नाही, त्यामुळे पुढे कापल्या जाणाऱ्या कोळशाच्या बाजूंसाठी तो उत्तम. परंतु आडवा कातरभार (बाजूने कापणारा जोर) त्याला सोसत नाही आणि तो फारसा न ताणता एकदम तुटतो. छताचे थर सरकत असतील, तिथे मी तो वापरणार नाही.

विदर्भातील निर्णय याच कसोट्यांवर घेता येतील. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या) भूमिगत कोळसा खाणींतील मुख्य वाहतूक मार्ग दीर्घकाळ उभे राहतात; तिथे पूर्ण लांबी ग्राउट केलेली भरीव सळई, आणि पाणी ठिबकत असेल तर सिमेंट व जस्तलेपित सळई यांची जोडी, हाच माझा कौल आहे. पिलर काढणीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब शेवटी काढून घेतात त्या भागात, आयुष्य कमी असल्याने साधी सळई रेझिनसह पुरते. मॉयल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणींत जिथे वाळूभरणी करत स्टोप (खनिज काढण्याची पोकळी) वर सरकतो, तिथे छताचे बोल्ट पुढच्या कापात निघूनच जातात. अशा जागी लेपावर खर्च करण्यापेक्षा तो पैसा दीर्घकाळ टिकायला हव्या अशा शाफ्टच्या (खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरीच्या) तळाशी वापरावा.

देखरेखीचा खर्चही याच अंदाजपत्रकात धरावा. प्लेट आणि नटवरचा गंज दिसतो, पण पूर्ण ग्राउट केलेल्या बोल्टची ओढ-चाचणी तोंडाजवळच्या काहीशे मिलिमीटरच्या पकडीबद्दलच सांगते. आत मीटरभर खोलीवर सळई तुटलेली असली तरी ती उत्तीर्ण होऊ शकते. त्यामुळे दीर्घायुषी गॅलरीत ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही जागी काही जादा बोल्ट सुरुवातीलाच बसवून ठेवावेत, आणि ठरावीक वर्षांनी त्यातला एखादा भोवतालच्या खडकासह कोअर (पोकळ ड्रिलने कापलेला दंडगोल) काढून, कापून पाहावा.