डाउटी स्ट्रीटवरचं डिकन्सचं घर, कॅथरिनसाठी बघायचं तर

लंडनचं चार्ल्स डिकन्स म्युझियम (४८, डाउटी स्ट्रीट) हे मुळात वर्षाला ८० पौंडांनी भाड्याने घेतलेलं बिऱ्हाड. १८३७ मध्ये कादंबरीकार डिकन्सची बायको कॅथरिन इथे राहायला आली तेव्हा ती २१ वर्षांची होती. मुलगा चार्ली तान्हा होता, आणि तिची धाकटी बहीण मेरी हीही या घरात असे. मेमी आणि केट या मुली इथेच जन्मल्या. १८३९ च्या अखेरीस घर सोडलं.

बहुतेकजण थेट पहिल्या मजल्यावर, लिहायच्या खोलीत जातात आणि उरलेलं घर घाईत उरकतात. तसं करू नका, दोन तास हाताशी ठेवा आणि तळघरातून सुरुवात करा. तिथे स्वयंपाकघर आहे आणि धुण्याची खोली. धुण्याच्या खोलीतल्या मोठ्या हंड्यात एरवी कपडे उकळायचे, नाताळात पुडिंग शिजायचं. स्वयंपाकाला बाई असली तरी रोज काय रांधायचं हे मालकीणच ठरवी. कॅथरिनने १८५१ मध्ये ‘लेडी मारिया क्लटरबक’ या नावाने जेवणाच्या बेतांचं पुस्तकच काढलं. त्यात २ पासून १८ माणसांपर्यंतचे बेत आहेत, शेवटी भाजलेलं चीज वारंवार येतं. हे पुस्तक ध्यानात ठेवून हे घर बघावं. कारण १८५८ मध्ये कॅथरिनपासून वेगळं होताना डिकन्सने लिहिलं, की मुलांचं सगळं मेव्हणी जॉर्जिनाने केलं. कॅथरिनवर हा उघड अन्याय होता.

तळमजल्यावर मागच्या बाजूची सकाळची बैठक तिची. मग मधला मजला सोडून थेट दुसऱ्या मजल्यावर जा. ७ मे १८३७ ला १७ वर्षांची मेरी तिथल्या खोलीत वारली. डिकन्सने त्या धक्क्याने महिनाभराचं क्रमशः लेखन थांबवलं, हे सगळे सांगतात. पण मेरी ही कॅथरिनची सख्खी बहीण होती, आणि त्या दुःखात कॅथरिनचा गर्भपातही झाला. या खोलीत तिच्यासाठी थांबावं.

लिहायची खोली शेवटी बघा. तिथलं गाजलेलं टेबल या घरातलं नाही, डिकन्सच्या नंतरच्या गॅड्स हिलच्या घरातलं आहे, म्हणजे कॅथरिनला दूर केल्यानंतरच्या आयुष्यातलं.

उणीव एकच, आणि ती घराच्याच मर्यादेमुळे: इथे तिच्या संसाराची पहिली वर्षंच दिसतात. दहा बाळंतपणं, १८५७ मध्ये टॅव्हिस्टॉक हाउस या नंतरच्या घरात दोघांच्या खोल्यांमधलं दार बंद करवणं, वर्षाला ६०० पौंडांची पोटगी, हे वाचून जावं लागतं. मुलगा वॉल्टर १८६३ मध्ये कलकत्त्यात वारला, तेव्हाही डिकन्सने तिला चार ओळी लिहिल्या नाहीत. तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा त्याने प्रयत्न केला होता, असं सांगणारं एका परिचिताचं पत्र २०१९ मध्ये उजेडात आलं.

म्युझियम सहसा सोमवारी-मंगळवारी बंद असतं. रसेल स्क्वेअर स्टेशनहून चालत जाता येतं. दिवस मोकळा असेल तर पुढे हायगेट दफनभूमी जोडा. कॅथरिनची कबर पश्चिम भागात आहे, सोबत तान्हेपणी गेलेली मुलगी डोरा. तिथलं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि आर्चवे स्टेशनपासून चढ आहे, तेव्हा हायगेट दुपारी ठेवायचं तर म्युझियमला सकाळीच पोहोचा.